फोटोग्राफीची परिभाषा: आधी स्टॉप, मग बाकीचं

अर्धा_स्टॉप

ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (फोटो किती उजळ दाखवायचा त्याचा आकडा) यांच्या व्याख्या बहुतेकांच्या लवकरच पाठ होतात. तरी फोटो काळा आला की नेमकं काय फिरवायचं आणि किती फिरवायचं, ते सुचत नाही. हे तिन्ही शब्द सुटे सुटे शिकवले जातात आणि त्यांना बांधणारं माप शेवटच्या धड्यात येतं, म्हणून असं होतं. या धाग्यात क्रम उलटा ठेवतो.

ते माप म्हणजे स्टॉप. प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप घटला. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट.

शटरचं गणित सरळ आहे. १/१२५ सेकंदावरून १/६० वर आलात की शटर जवळजवळ दुप्पट वेळ उघडं राहतं, म्हणजे एक स्टॉप वाढला. (१/६२.५ लिहिण्याऐवजी आकडे गोल केलेत, एवढंच.) आयएसओही तसाच: १००, २००, ४००, ८००, १६००, प्रत्येक पायरी एक स्टॉप.

लोक अडकतात ते ॲपर्चरपाशी, कारण तिथली माळ १, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ अशी विचित्र आहे. एफ नंबर म्हणजे फोकल लेंथला (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला, ती किती जवळचं दाखवते ते सांगणारा आकडा) छिद्राच्या व्यासाने भागून येणारा आकडा. ५० मिमीची लेन्स एफ/२ वर असेल तर समोरून दिसणारं छिद्र २५ मिमीचं, एफ/४ वर १२.५ मिमीचं. व्यास निम्मा झाला, पण प्रकाश क्षेत्रफळातून आत येतो आणि क्षेत्रफळ झालं पाव. म्हणून एफ/२ ते एफ/४ हा दोन स्टॉपचा फरक. एकाच स्टॉपचा फरक हवा असेल तर व्यास सुमारे १.४ पटीने बदलावा लागतो, म्हणून मध्ये २.८ येतो. भागाकार असल्यामुळे आकडा लहान तर छिद्र मोठं, हेही इथेच उलगडतं.

सगळी माळ पाठ करायची गरज नाही. १ आणि १.४ लक्षात ठेवा आणि एकाआड एक दुप्पट करत जा.

आता हिशेब. समजा एफ/५.६, १/६०, आयएसओ ४०० वर उजेड बरोबर येतोय, पण धावणारं मूल धूसर येतंय. शटर १/५०० हवं. १/६० ते १/१२५ ते १/२५० ते १/५००, म्हणजे तीन स्टॉप प्रकाश गेला. तो भरून काढायचा. ॲपर्चर एफ/४ केलंत तर एक स्टॉप मिळाला, आयएसओ १६०० केलात तर आणखी दोन. फोटो तेवढाच उजळ, मूल स्थिर. किंमत म्हणून फोकसमधला, म्हणजे स्पष्ट दिसणारा, पट्टा थोडा अरुंद झाला आणि दाणे (फोटोतली खरखर) वाढले. फुकट काही मिळत नाही. कुठली किंमत मोजायची ते तुम्ही ठरवायचं.

बऱ्याच कॅमेऱ्यांवर डायलची एक क्लिक म्हणजे १/३ स्टॉप असतो. तीन क्लिक म्हणजे एक स्टॉप. वरच्या उदाहरणात शटरचा डायल नऊ क्लिक फिरेल.

नवशिका_४२

लेख आवडला. एक प्राथमिक शंका. लेन्सच्या तोंडावर "१८-५५ मिमी", "१:३.५-५.६" आणि शून्यावर तिरकी रेघ मारून पुढे "५८" असं लिहिलंय. यात एफ नंबर कुठला? आणि ५८ ही आणखी एक फोकल लेंथ आहे का?

लेन्सवेडी

नाही, ५८ चा फोकल लेंथशी संबंध नाही. ते लेन्सच्या पुढच्या आट्यांचं माप आहे, मिलिमीटरमध्ये. फिल्टर किंवा स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवायची कडी) घेताना हाच आकडा बघायचा. (लेन्सचं झाकणही याच मापाचं लागतं.)

१८-५५ ही फोकल लेंथची व्याप्ती, म्हणजे झूम.

१:३.५-५.६ हे कमाल ॲपर्चर. १८ मिमीला लेन्स जास्तीत जास्त एफ/३.५ पर्यंत उघडते, ५५ ला फक्त एफ/५.६ पर्यंत. फरक सव्वा स्टॉपहून किंचित जास्त, नेमका १ १/३. यातून एक घोळ होतो जो नव्या माणसाला कळतच नाही: मॅन्युअल मोडमध्ये (सगळं हाताने लावायचं तो) १८ ला एफ/३.५ लावलं, उजेड जुळवला, मग झूम करून ५५ वर गेलात. कॅमेरा गुपचूप एफ/५.६ वर येतो आणि फोटो काळवंडतो. तुम्ही काहीच फिरवलेलं नसतं. उपाय सोपा, मॅन्युअलमध्ये झूम वापरणार असाल तर सुरुवातच एफ/५.६ ने करा.

आणि गंमत बघा, अर्धा_स्टॉप यांचाच भागाकार लावला तर १८ मिमी एफ/३.५ ला छिद्र ५ मिमीच्या आसपास येतं आणि ५५ मिमी एफ/५.६ ला जवळजवळ १० मिमी. छिद्र दुप्पट मोठं, तरी एफ नंबर जास्त.

शेजारी ०.२५ मी. असा आकडा असेल तर ते किमान फोकस अंतर. ते लेन्सच्या काचेपासून मोजत नाहीत, सेन्सरपासून (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) मोजतात. अनेक कॅमेऱ्यांच्या डोक्यावर एका गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते, ती सेन्सरची जागा.

कवडसा

उत्तम धागा. वर कुणी अजून लिहिलेलं नाही, पण लिहिलं जाणारच, म्हणून आधीच सांगतो: "आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त संवेदनशील होतो" हे वाक्य सोयीचं असलं तरी खरं नाही. सेन्सरवर पडलेल्या प्रकाशातून जेवढा सिग्नल मिळाला तेवढाच मिळाला. आयएसओने तो सिग्नल मोठा करून दाखवला जातो.

याने व्यवहारात काय फरक पडतो? दाणे, म्हणजे नॉइज, प्रामुख्याने येतात ते प्रकाश कमी पडल्यामुळे. आयएसओचा आकडा मोठा आहे म्हणून नव्हे. प्रकाश चौपट मिळाला तर सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर साधारण दुप्पट सुधारतं. म्हणून दाण्यांच्या भीतीने आयएसओ १०० वर अडून बसायचं, फोटो काळा काढायचा आणि नंतर संगणकावर तीन स्टॉप उजळायचा, यात फायदा काही नाही. उलट कित्येक कॅमेऱ्यांत असा उजळलेला फोटो थेट ८०० वर काढलेल्यापेक्षा सावल्यांमध्ये घाण दिसतो.

आयएसओ ३२०० वर दाणेदार पण स्थिर फोटो कधीही चांगला. दाणे कमी करता येतात, हललेला फोटो सरळ होत नाही.

अर्धा_स्टॉप

कवडसा, मान्य. माझ्या उदाहरणात "दाणे वाढले" ते आयएसओ १६०० केल्यामुळे नव्हे, शटर १/५०० करून सेन्सरवरचा प्रकाश कमी केल्यामुळे, असं वाचावं.

तिपाई

डेप्थ ऑफ फील्डवर लिहितो, कारण "बॅकग्राउंड उडवायची" इच्छा सगळ्यांना असते आणि दोष दरवेळी लेन्सवर जातो.

फोकस खरं तर एकाच अंतरावर असतो. त्याच्या मागे-पुढे काही पट्टा डोळ्याला पुरेसा स्पष्ट वाटतो, तो पट्टा म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी लेन्स, माणूस २ मीटरवर:

एफ/१.८ ला पट्टा सुमारे १७ सेंमी.
एफ/८ ला सुमारे ७८ सेंमी.

१७ सेंमी ऐकायला बरं वाटतं, पण त्यात ८ सेंमी माणसाच्या पुढचे आणि ९ मागचे. माणूस तिरका बसला असेल आणि फोकस जवळच्या खांद्यावर पडला असेल तर डोळे गेलेच. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर.

पट्टा तीन गोष्टींवर ठरतो: ॲपर्चर, अंतर आणि फोकल लेंथ. नवे लोक पहिल्याच गोष्टीच्या मागे लागतात. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) एफ/५.६ च्या पुढे उघडत नसेल तरी हे करून बघा: झूम ५५ ला न्या, माणसाच्या जवळ जा, आणि माणसाला भिंतीपासून चार-पाच मीटर पुढे आणा. हे शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं. माणूस भिंतीला टेकून उभा असेल तर एफ/१.८ सुद्धा भिंत धूसर करणार नाही, कारण भिंत पट्ट्यातच आहे.

उलट बाजू म्हणजे सगळं दृश्य स्पष्ट हवं असेल तेव्हाची. तिथे हायपरफोकल अंतर कामाला येतं. फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स एफ/८ ला २.४ मीटरवर फोकस केली तर १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट येतं. एफ/२२ ला जायची गरज नसते. तिथे छिद्र इतकं बारीक होतं की प्रकाश कडांवर पसरतो आणि सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. याला डिफ्रॅक्शन म्हणतात. लहान सेन्सरवर हा परिणाम आधी दिसायला लागतो, म्हणून तिथे एफ/११ च्या पुढे कारणाशिवाय जाऊ नये.

नवशिका_४२

"फुल फ्रेमवर" असं दोनदा आलं. माझा कॅमेरा एपीएस-सी (लहान सेन्सरचा) आहे. मग माझी ५० मिमी ही ७५ मिमी होते ना?

लेन्सवेडी

होत नाही. लेन्स ५० चीच राहते, दृश्य कापलं जातं.

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी. एपीएस-सी बहुतेक कंपन्यांचा २३.५ × १५.६ च्या आसपास, कॅननचा थोडा लहान. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. कर्णांचं गुणोत्तर काढलं की क्रॉप फॅक्टर मिळतो: अनुक्रमे १.५, कॅननसाठी १.६ आणि २. तुमच्या ५० मिमीतून जेवढं दिसतं तेवढं फुल फ्रेमवर ७५ मिमीतून दिसलं असतं, या अर्थाने "७५ समतुल्य".

यावरून दरवेळी भांडण होतं ते ॲपर्चरवरून, तेही मिटवून टाकते. एक्स्पोजरसाठी (फोटो किती उजळ येतो त्यासाठी) एफ/२.८ म्हणजे सगळीकडे एफ/२.८. शटर आणि आयएसओ तेच लागणार. पण तेवढंच दृश्य, तेवढ्याच अंतरावरून घेतलं तर एपीएस-सीवर फोकसचा पट्टा फुल फ्रेमच्या एफ/४.२ इतका रुंद दिसतो. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. भांडणारे एकेक धरून बसतात.

काळोखी_खोली

आणखी एक गैरसमज याला चिकटूनच येतो. वाइड (रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सने नाक मोठं दिसतं, टेलीने (लांबचं जवळ आणणाऱ्या) चेहरा चपटा दिसतो, असं म्हणतात. लेन्सचा यात हात नाही, अंतराचा आहे. वाइड लेन्सने चेहरा चौकटीत भरायचा म्हणजे अर्ध्या मीटरवर जावं लागतं. तिथून नाक कानांच्या मानाने फारच जवळ असतं, म्हणून मोठं दिसतं. त्याच जागेवरून टेलीने काढलेल्या तुकड्यातही नाक तेवढंच मोठं येईल. चेहऱ्यासाठी दीड-दोन मीटर लांब उभे राहा आणि मग चौकट भरेल अशी फोकल लेंथ निवडा. मोबाइललाही हेच लागू: हात लांब करून काढलेल्या सेल्फीपेक्षा दोन पावलं मागे जाऊन २x कॅमेरा वापरलेला बरा.

नवशिका_४२

हे लक्षात आलं. आता माझी खरी अडचण. फोटो लहान स्क्रीनवर छान दिसतो, मोठा केला की "शार्प" नसतो. कॅमेऱ्यात दोष असेल का?

तिपाई

शक्यता कमी. "शार्प नाही" या एका तक्रारीत चार वेगवेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. फोटो १०० टक्के मोठा करून बघा.

चौकटीतलं सगळंच, स्थिर वस्तूंसकट, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय? दिव्याच्या ठिपक्याची छोटी रेघ झाली आहे? कॅमेरा हलला. हातात धरून काढताना शटर निदान १ भागिले फोकल लेंथ एवढं वेगवान हवं. क्रॉप सेन्सर असेल तर क्रॉप फॅक्टर धरून: २०० मिमी आणि १.५ क्रॉप असेल तर १/३००, म्हणजे डायलवरचं १/३२०. बटण खाली दाबताना झटका देऊ नका, हळू पिळा.

भिंत, झाड स्पष्ट आणि माणूसच धूसर, हात-पाय जास्त? विषय हलला. इथे स्टॅबिलायझेशनचा (हाताचा कंप भरून काढणारी सोय) काही उपयोग नाही. ते तुमचा हात सावरतं, समोरच्याला थांबवत नाही. चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्याला १/५०० ते १/१०००, उडत्या पक्ष्याला १/२००० पासून सुरुवात करा. २०० मिमीला ३ स्टॉपचं स्टॅबिलायझेशन १/२५ पर्यंत हात सावरेल, पण १/२५ ला बोलणारा माणूससुद्धा हलतो.

माणूस मऊ आहे पण त्याच्या मागचं कुंपण किंवा पुढचं गवत टोकदार आहे? फोकस चुकला. कॅमेऱ्याला फोकस पॉइंट स्वतः निवडू देऊ नका, एकच पॉइंट ठेवून तो डोळ्यावर न्या, किंवा आय-डिटेक्शन (डोळा आपोआप ओळखणारी सोय) असेल तर ते सुरू करा. स्थिर विषयाला एएफ-एस (फोकस एकदा धरून ठेवणारा), हलत्याला एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा). कॅननवर हीच नावं वन शॉट आणि सर्वो अशी दिसतील. एएफ-एसमध्ये अर्धं बटण दाबून फोकस धरला आणि मग तुम्ही किंवा माणूस पाच-सात सेंमी पुढे-मागे झालात, तर एफ/१.८ ला तेवढं पुरतं.

कुठेच काही टोकदार नाही, ओढही नाही, सगळं सारखंच मऊ? एफ/२२ लावलं होतं का बघा. नसेल तर पुढच्या काचेवर बोटाचा ठसा शोधा. हसू नका, मोबाइलच्या बाबतीत पहिला संशय हाच घ्यावा.

कवडसा

तिपाईंच्या यादीत एक भर. ट्रायपॉडवर लावून शटर सेकंदभर ठेवलंय आणि तरी फोटो हलतोय, तर दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबणारं बोटच हलवतं. काही जुन्या स्टॅबिलाइज्ड लेन्स ट्रायपॉडवर स्वतःच थरथरतात, तिथे ते बंद करावं.

आता मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड मोजणं, कारण त्याशिवाय एक्स्पोजर हा शब्द अर्धाच राहतो.

कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. चेहरा वगैरे ओळखणारी नवी यंत्रणा सोडली तर मीटर एकच गृहीत धरतं: समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. पांढरी भिंत दाखवली की ते तिला करडी करतं, काळं मांजर दाखवलं की त्यालाही करडं. म्हणून बर्फ आणि पांढरे कपडे मळकट येतात आणि काळा कोट भुरकट येतो. दुरुस्ती एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने करायची, म्हणजे + / - चं बटण. पांढऱ्याला अधिक १ ते अधिक १.७, काळ्याला उणे १ च्या आसपास. सहजबुद्धी नेमकं उलट सांगते (पांढरं आहे, मग कमी करूया), म्हणून हे दोनदा वाचा. काम झालं की शून्यावर आणायला विसरू नका. कॅमेरा बंद केला तरी तो आकडा अनेकदा तसाच राहतो.

शुद्ध मॅन्युअलमध्ये हे बटण फोटो बदलत नाही, कारण बदलायला काही उरलेलंच नसतं. मॅन्युअल अधिक ऑटो आयएसओ असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत चालतं.

स्क्रीनवर फोटो उजळ दिसतो की काळा, यावर विश्वास ठेवू नका. अंधारात स्क्रीन भगभगीत वाटते, उन्हात काळी. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. डोंगर मध्येच हवा असा नियम नाही. बर्फाचा डोंगर उजवीकडेच असणार. तो उजव्या भिंतीला चिकटून उभा चढला असेल तर तिथला तपशील पांढरा होऊन गेला, आणि जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने तयार करून दिलेली फाइल) तो परत येत नाही. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) थोडा येतो. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम रॉ काढतानाही जेपेग प्रतिमेवरून काढलेला असतो, त्यामुळे तो थोडा आधीच घाबरतो.

काळोखी_खोली

रॉ आणि जेपेगचं थोडक्यात: जेपेग प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवतं, १४ बिट रॉ १६,३८४. सावल्या उचलताना, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची भरपाई) बदलताना हा फरक दिसतो. फोटो लगेच पाठवायचा आणि हातही लावायचा नसेल तर जेपेगमध्ये काही वाईट नाही.

व्हाइट बॅलन्समध्ये लोक एकाच ठिकाणी गोंधळतात. पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे २८०० केल्विन, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, सावलीतला निळसर प्रकाश ७००० च्या पुढे. मग कॅमेऱ्यात ७००० लावलं की फोटो निळा व्हायला हवा, पण तो पिवळा होतो. कारण तो आकडा कॅमेऱ्याला सांगतो की समोरचा प्रकाश एवढा निळा आहे, त्याची भरपाई कर. बल्बखाली ऑटोला रंग जमत नसेल तर २८०० ते ३२०० दरम्यान हाताने लावून बघा.

उलटा_फ्रेम

फ्लॅशचा विषय राहिला. फ्लॅश लावून फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला की समजा सिंक स्पीड (फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात वेगवान शटर स्पीड) ओलांडलात. शटरला दोन पडदे असतात. साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंत एक क्षण असा असतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो आणि फ्लॅश तेव्हा पडतो. त्याहून वेगात दुसरा पडदा आधीच निघालेला असतो, त्याची सावली म्हणजे तो पट्टा. शटर खाली आणा किंवा हाय स्पीड सिंक सुरू करा (त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते).

असेच पण अनेक आणि फिकट पट्टे फ्लॅशशिवाय घरात दिसले तर दोष दिव्यांचा. ५० हर्ट्झ विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२० किंवा १/६०. इलेक्ट्रॉनिक म्हणजे सायलेंट शटर चालू असेल तर आधी ते बंद करा, निम्मी भानगड तिथेच संपते.

गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, तोही इथेच सांगतो: गाइड नंबर = अंतर × एफ नंबर. आयएसओ १०० ला गाइड नंबर ३६ मीटर असेल तर ४.५ मीटरवरच्या माणसाला पूर्ण ताकदीत एफ/८ बरोबर बसतं.

नवशिका_४२

एवढं सगळं कळलं तरी डायलवर पी, ए, एस, एम यातलं काय लावून बाहेर पडायचं?

अर्धा_स्टॉप

ए. कॅननवर त्यालाच एव्ही लिहिलेलं असेल. ॲपर्चर तुम्ही द्यायचं, शटर कॅमेरा ठरवतो. ऑटो आयएसओ सुरू करा, कमाल मर्यादा ६४०० द्या आणि मेनूमध्ये "किमान शटर स्पीड" शोधून माणसांसाठी १/२५० ठेवा. एकटा माणूस असेल तर लेन्स पूर्ण उघडी, दोन ओळींतला समूह असेल तर एफ/८.

शटरचा आकडा लुकलुकायला लागला तर कॅमेरा सांगतोय की दिलेल्या मर्यादेत जमत नाही. भर उन्हात एफ/१.८ लावलं की तो १/४००० वर लुकलुकतो, तेव्हा ॲपर्चर बंद करत जा. अंधारात तो बहुधा लुकलुकत नाही, १/२५० च्याही खाली जातो; तसं दिसलं तर ॲपर्चर उघडा, आणि लेन्स आधीच पूर्ण उघडी असेल तर आयएसओची मर्यादा १२,८०० करा.